आप्पांची पंगत

“तीनशे माणसं होती, बाई. शेवटपर्यंत एकही जागचं हललं नाही. आणखी काय हवं होतं?”

मालगावेबाई चालत राहिल्या. गल्ली अरुंद होती आणि बाईंना कसलीच घाई नव्हती.

विचारणारी होती हेमांगी सरवदे. जिल्ह्याच्या गावी फिजिओथेरपीच्या कॉलेजात ती शिकवायची. लकवा झालेल्या माणसाला पुन्हा उभं कसं करायचं, हा तिचा विषय. ही विद्या कॉलेजच्या भिंतीत अडकून राहू नये म्हणून तिनं गावोगाव व्याख्यानं द्यायला घेतली होती. हे एकविसावं गाव. आज आपल्या निवृत्त गुरूंना, मालगावेबाईंना, ती मुद्दाम घेऊन आली होती. त्यांच्या तोंडून कौतुकाचे दोन शब्द ऐकावेत, एवढीच आस.

“काही चुकलं का माझं?”

“छान बोललीस,” बाई म्हणाल्या…

आणि पुढं चालू लागल्या.

जेवण मगदुमांच्या घरी होतं. जैनांचं घर. दिवस मावळायच्या आत पंगत उठायची, म्हणून आत लगबग चालली होती. ओसरीवर खाटेवर घरातले सगळ्यांत वडील, रायगोंडा आप्पा, पडून होते. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं.

हेमांगीची नजर भिंतीवर गेली आणि तिचा चेहरा उजळला. दोन महिन्यांपूर्वी तिनं शेजारच्या गावात वाटलेला व्यायामाचा कागद तिथं होता. महावीरांच्या तसबिरीशेजारी, चारी कोपरे नीट चिकटवलेला.

आप्पांच्या मुलानं, धनपालनं, हात जोडून सांगितलं की तसबिरीबरोबर कागदालाही रोज उदबत्ती ओवाळतो.

“आणि व्यायाम?” हेमांगीनं विचारलं.

धनपाल दुखावल्यासारखा झाला. आप्पांनी जन्मभर सगळ्यांसाठी राबावं आणि आता आजारपणात आम्ही त्यांनाच कष्ट द्यावेत? आठ महिन्यांत त्यानं आप्पांचा पाय जमिनीला लागू दिला नव्हता. उचलून न्यायचं, उचलून आणायचं. उजवा हात ठणठणीत होता, तरी घास तो स्वतः भरवायचा. गावात त्याच्या सेवेचा दाखला देत.

आप्पा आढ्याकडे बघत होते.

बाई खाटेच्या कडेवर बसल्या. आप्पांना त्यांनी पायानं आपला तळहात रेटायला लावला. हाताला धरून उभं केलं, बसवलं, पुन्हा उभं केलं. मग वाकून कानात काहीतरी विचारलं.

आप्पांनी आतल्या पाटांकडे बघितलं. मग म्हणाले, “पंगतीत.”

बाई उठल्या आणि धनपालला म्हणाल्या की आप्पा पंगतीत बसणार असतील तरच त्या जेवतील.

पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? धनपालनं आणि त्याच्या भावांनी आप्पांना उचलून आत नेलं आणि भिंतीकडेला, मानाच्या पाटावर बसवलं. उठवताना पण आम्ही चौघं आहोतच, असं तो म्हणाला. बाई आप्पांच्या डाव्या बाजूला बसल्या, लुळ्या बाजूला. हेमांगीला त्यांनी उजवीकडे बसायला खुणावलं. घरचे, शेजारपाजारचे मिळून पंचवीस माणसं बसली. धनपालची बायको पद्मावती वाढत होती.

आप्पांनी आपल्या हातानं पहिला घास घेतला. पद्मावतीनं पदरानं डोळे टिपले.

जेवणं झाली. शेवटचा ताकभात संपला आणि भुरके थांबले.

धनपाल आप्पांना उचलायला म्हणून उठू लागला.

“आप्पांच्या आधी उठणार तुम्ही?” बाईंनी विचारलं.

धनपाल अर्धवट उठला होता, तसाच थिजला.

त्या घरात वडीलधाऱ्याच्या आधी पंगतीतून कुणी उठलेलं नव्हतं. त्याच्या आज्याच्या काळात नाही, आणि त्याच्याही नाही. तो हळूच खाली बसला. तिघे भाऊ बसूनच राहिले.

पंचवीस उष्टे हात वाळत होते…

“बाई,” हेमांगी आप्पांच्या पाठीमागून कुजबुजली, “ते पडतील.”

“तूही पंगतीतच आहेस.”

एकटी पद्मावती उभी होती. तिनं ताकाची चरवी खाली ठेवली आणि सासऱ्यांकडे पाऊल टाकलं. बाईंनी वाटी पुढं केली. “थोडं ताक वाढ गं.”

 तासाभरापूर्वी हेमांगीनं तीनशे माणसांना पडद्यावर मेंदूची रंगीत चित्रं दाखवली होती. त्यातलं एकही आता आठवेना. तिनं आप्पांच्या तोंडाकडे पाहिलं. आप्पा तिच्याकडेच बघत होते, वाट बघत.

तिनं आपल्याखालचा पाट काढून त्यांच्यापुढं ठेवला.

“आप्पा, आधी उजव्या कुशीला वळा.”

आप्पा वळले.

“आता दोन्ही गुडघ्यांवर या. हात पाटावर.”

त्याला वेळ लागला. डावा गुडघा मागं राहिला, तो त्यांनी ओढून घेतला. कपाळावर घाम आला. धनपालनं मान खाली घातली, त्याला बघवेना.

“चांगला पाय पुढं टाका. आणि आता…”

आप्पांनी जोर लावला. अर्ध्यावर येऊन मांडी थरथरली आणि ते परत गुडघ्यावर बसले. कुणीतरी ‘अरे देवा’ म्हणालं. हेमांगीचा हात त्यांच्या कमरेपाशी होता, चार बोटांवर. पलीकडे बाईंचाही एक हात तसाच होता. तो केव्हा तिथं आला, तिला कळलं नव्हतं.

दोघींनीही हात लावला नाही.

“घाई नाही, आप्पा,” हेमांगी म्हणाली. “आम्ही आहोत बसलेलो.”

आप्पांनी श्वास घेतला. पाट करकरला. एक हात भिंतीवर गेला…

आणि रायगोंडा आप्पा मगदूम उभे राहिले.

 धनपाल खालून बापाकडे बघत होता. आठ महिने ज्यांना त्यानं खांद्यावर वाहिलं, ते एवढे उंच आहेत हे तो विसरूनच गेला होता.

आप्पांनी पंगतीवरून नजर फिरवली.

“उठा की आता,” ते म्हणाले. “का दिवस मावळूस्तवर बसताय?”

सगळी पंगत एकदम उठली. तेव्हा कुठं माणसं हसली, रडली, एकमेकांना खरकट्या हातांनी दाखवू लागली. आप्पा भिंतीला धरत, पाय ओढत, आपले आपण मोरीवर हात धुवायला गेले. धनपाल तांब्या घेऊन मागं धावला, आणि दोन पावलांवर थांबला. मग त्यानं तांब्या कट्ट्यावर ठेवला. आप्पांनी तो स्वतः उचलला.

निघताना बायकांनी हेमांगीला गराडा घातला. माझ्या दिराला असंच झालंय, माझ्या आईला दाखवते, ते कुशीला वळायचं पुन्हा सांग. ती तिथंच जमिनीवर बसली आणि एकेकीला करून दाखवलं, करून घेतलं. साडी धुळीनं भरली, तिला भान नव्हतं. व्याख्यानात तिला इतके प्रश्न कुणी कधी विचारले नव्हते.

गाडीत बसल्यावर तिनं साडीवरची धूळ झटकली. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

“बाई… उद्या बाविसावं गाव. तिथं कशी तयारी करून जाऊ?”

बाईंनी डोळे मिटले होते.

“आधी पंगतीत बस, मग बोल. उपाशी जा,” त्या म्हणाल्या.