लिंबा नकल्याचा आवाज

फार फार वर्षं झाली. किती, ते मला विचारू नका. मोजायला शिकण्याआधीच शाळा सुटली. मी तिला सोडलं की तिनं मला, यावर आमच्या घरात अजून वाद आहे. एवढं खरं, की तेव्हा कुसरोंडीला एस्टी येत नव्हती, गावात दिवे नव्हते, सरपंच नव्हता, आणि तरीही भांडणं आजच्याइतकीच होती.

त्या काळी ओढ्याच्या काठाला, शेवटच्या घराच्याही पुढं, एका छपरात लिंबा नकल्या राहायचा. नकल्या म्हणजे नकला करणारा. त्याच्याकडं ना ढोलकी, ना तुणतुणं, ना तोंडाला रंग. एक काळी घोंगडी दोन काठ्यांवर ताणायची, तिच्यामागं उभं राहायचं आणि बोलायचं, झाला खेळ. पण काय बोलायचा! घोंगडीमागनं पाटील खाकरला की पुढं बसलेली पोरं विड्या विझवायची, आणि खरा पाटील त्यांच्याच शेजारी बसलेला असायचा. असं म्हणतात, की त्यानं एकदा म्हशीचा आवाज काढला, तर तिचं रेडकू चार शेतं ओलांडून घोंगडीला ढुशा द्यायला आलं. एकदा सासूचा आवाज काढला, तर तीन सुना पदर सावरत एकदम उठल्या. तिघींच्या सासवा वेगवेगळ्या होत्या. आता ते कसं, हे इथं बसलेल्या सुनांना विचारा.

खेळाची रीत अशी, की लिंबानं बोलायचं आणि लोकांनी ओळखायचं, कोण बोलतंय ते. पहिलं नाव घेईल त्याची वाहवा. त्यात अण्णू गुरव पटाईत. लिंबानं नुसता श्वास घेतला तरी अण्णू "दामूतात्या!" म्हणून ओरडायचा, आणि निघायचा दामूतात्याच. अण्णूचा पणतू इथंच बसलाय. बस रे, उठू नको. तुझ्या पणजोबाची खरी मजा अजून पुढं आहे.

आसपासच्या सगळ्या जत्रांना लिंबाला बोलावणं यायचं. बारशाला लिंबा, वरातीला लिंबा, बेंदराला लिंबा. नव्या गावात गेला की सकाळभर चावडीवर बसून लोकांचं बोलणं ऐकायचा आणि दुपारी त्या गावाला त्याचाच आवाज परत करायचा. कुसरोंडीची माणसं छाती फुगवून सांगायची, "आमचा हाय तो."

आता लाजेची गोष्ट सांगतो. 'आमचा आमचा' म्हणणाऱ्या गावानं लिंबाला त्याच्या स्वतःच्या आवाजात कधी बोलूच दिलं नाही. तो दुकानात गेला आणि "शेटजी, गूळ द्या" म्हणाला, की शेटजी मान हलवायचे. "असा नाही मिळायचा. पाटलाच्या आवाजात माग." विहिरीवर तहानलेला आला की बायका घागर मागं घ्यायच्या. "पानी पायजे? माज्या नणंदेच्या आवाजात माग, मग वतीन." तो मागायचा. बायका पोट धरधरून हसायच्या आणि मग त्याच्या ओंजळीत पाणी ओतायच्या. तापानं फणफणला होता तेव्हाही औषध देणाऱ्या म्हाताऱ्यानं आधी गाढवाचा आवाज काढून घेतला, मग पुडी दिली. कोणी वाईट नव्हतं हो. सगळी हसरी, खेळकर माणसं, अगदी तुमच्यासारखी. पण असं होता होता, असं म्हणतात, लिंबाचा खरा आवाज कसा आहे हे गावात कोणाला ठाऊकच राहिलं नाही.

एका माणसाला तेवढा ठाऊक होता. सारजेला. सारजा म्हणजे लिंबाची बायको. दिवसभर दुसऱ्यांचे गळे वापरून लिंबा घरी यायचा आणि दाराशी आपल्या आवाजात हाक मारायचा. ती ऐकली की सारजा कडी काढायची. दुसऱ्या कुठल्या आवाजाला काढायची नाही. एकदा त्यानं गंमत म्हणून पाटलाच्या आवाजात हाक दिली, तर आतनं उत्तर आलं, "पाटील, घरधनी आल्याबिगर कडी निघायची न्हाई. तवर भाईर बसा, डास मारा." लिंबा हसत हसत बसला डास मारत.

पुढं सारजेला दिवस गेले. नववा भरत आला आणि चैताची जत्रा आली. दुपारी कुस्त्या संपल्या. सगळं गाव देवळापुढच्या पारासमोर बसलं. घोंगडी ताणलेली होती, फक्त लिंबा यायचा होता.

तिकडं छपरात सारजेला कळा लागल्या होत्या. गावची सुईण यमुनाबाय आली, तिनं पोटाला हात लावला आणि तिचा चेहरा उतरला. "लिंबा, मूल आडवं आलंय. माझ्या हातचं काम न्हाई. पिंपरीच्या गोदाक्काकडं न्यायला पायजे. ती वळवती आडवं मूल. गाडी आण. पळ!"

लिंबा पळत सुटला. डोक्याला मुंडासं नाही, पायात वहाण नाही. तो घोंगडीमागं गेला नाही. घोंगडीच्या पुढं, सगळ्या गावासमोर उभा राहिला आणि आपल्या आवाजात बोलला, "सारजा अडलीया. मूल आडवं आलंय. कुनीतरी गाडी द्या. तुमच्या पाया पडतो."

असा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता.

मग अण्णू गुरव हात वर करून उठला. "थांबा! कुनी बोलू नगा! मी वळखतो. ह्यो... ह्यो पिंपरीचा बाळा कुंभार!"

"हॅट्! बाळा तोतरा हाय. ह्यो माझा मावसमेव्हणा. अस्साच रडत बोलतो."

"मावसमेव्हणा कसला? घोंगडीच्या भाईर येऊन करतोय बघा आज. नवीन काढलंय कायतरी!"

"आरं, मी खरंच बोलतोय," लिंबा म्हणाला. "मी लिंबा बोलतोय."

"लिंबा बोलतोय म्हणं!" हशाचा असा गडगडाट झाला की देवळावरची कबुतरं उडाली. "आरं बाबा, लिंबा कवा बोलतो? त्यो तर आमचंच बोलतो!"

लिंबाच्या डोळ्यांतनं धारा लागल्या. "रडतोय बी झकास," एक जण दुसऱ्याला कोपरानं ढोसत म्हणाला. "तुझा बा तर न्हवं? म्हस मेली तवा असाच रडला व्हता." आणि त्या दोघांची जुंपली. बायका बायकांत नावं सांगायला लागल्या. एकीला तो आवाज आपल्या मेलेल्या काकाचा वाटला, तिनं डोळेसुद्धा पुसले. लिंबा एकेकाचे पाय धरत फिरत होता, आणि ज्याचे पाय धरी तो म्हणे, "माझ्याकडं येऊ नगंस, मला न्हाई वळखत. अण्णूला विचार."

शेवटी पाटील काठी आपटून म्हणाला, "लिंब्या, आता लई ताणू नगंस. आमी हारलो. सांग नाव."

"लिंबा," लिंबा म्हणाला.

पुन्हा तोच हशा.

तेव्हा लिंबा उठला. पारामागनं पाटलाच्या गोठ्याकडं गेला. गोठ्यात गणा नावाचा गडी वैरण टाकत होता. लिंबा भिंतीच्या आडोशाला थांबला आणि पाटलाच्या आवाजात कडाडला, "गणा! खिलारी जोडी जुंप. वढ्याकडं गाडी ने. लगीच!"

"जी मालक!" गणानं तोंडातली तंबाखूसुद्धा थुंकली नाही. अख्ख्या गावाचे पाय धरून जी गाडी मिळाली नाही, ती भिंतीआडनं हुकूम सोडल्यावर मिळाली.

गाडीत पेंढा टाकला, पेंढ्यावर सारजेला निजवलं. यमुनाबाय तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली, कासरा लिंबानं स्वतः धरला. पिंपरीची वाट पारावरनंच जाते. गाडी आली तेव्हा लोक अजून नावांवरनं भांडत होते. मग त्यांनी गाडीतलं बघितलं. यमुनाबाय उभी राहून ओरडली, "मुडद्यांनो, नावं कसली वळखताय? बाई मरतीया हितं!"

अण्णू गुरवाचं तोंड उघडं होतं, ते उघडंच राहिलं. असं म्हणतात, एक माशी आत जाऊन, हिंडून बाहेर आली तरी त्यानं मिटलं नाही. हस रे पणत्या, हस. पाटील आपल्या बैलांकडं बघत होता आणि आपली गाडी कोणाच्या हुकमानं सुटली ते त्याला हळूहळू कळत होतं. काही जण गाडीमागं पळाले. पण ती खिलारी जोडी, कुठली सापडायला?

पिंपरीच्या वाटेवर नदी लागते. तिला पाणी नव्हतं, नुसती वाळू. चाकं रुतली, बैल गुडघ्यावर आले. मग असं म्हणतात, लिंबानं चाकाला खांदा लावला आणि त्याच्या तोंडातनं गावातल्या सगळ्या बाया-बाप्यांचे आवाज एकदम निघाले. दामूतात्या, शेटजी, पाटील, गुरव, विहिरीवरच्या बायका, सगळे एका दमात "हुर्र... हां!" करू लागले. बैलांना वाटलं सगळं गाव मदतीला आलं. त्यांनी गाडी वाळूतनं अशी उपसली, जशी लोण्यातनं सुरी. गाव तेव्हा पारावरच होतं, बरं का.

गाडी काठाला लागली तेव्हा सारजेनं डोळे उघडले. "लई मानसं बोलावलीसा," ती म्हणाली. "त्यांचं ऱ्हाऊ द्या आता. तुमी बोला. तुमचा आवाज ऐकू द्या."

लिंबानं तोंड उघडलं. आवाज निघाला तो पाटलाचा. त्यानं गळा धरला, थुंकी गिळली, पुन्हा उघडलं. आता शेटजींचा निघाला. मग दामूतात्याचा, मग कुणाच्या तरी नणंदेचा. त्याचा स्वतःचा आवाज पारापुढंच राहिला होता, लोकांच्या पायांत. सारजा वाट बघत राहिली. पिंपरीची वेस दिसली तेव्हा ती गेलेली होती, पोटातल्या जिवासकट.

लिंबा गाडी घेऊन परत आला. बैल सोडले, त्यांना पाणी दाखवलं, गोठ्यात बांधले. पाटील दारात उभा होता. आता त्याला रागवायचं होतं की हात जोडायचे होते, देव जाणे. त्यानं तोंड उघडलं, आणि काही निघालंच नाही. नुसती हवा! शेटजींनी तोंड उघडलं, तेही तसंच. विहिरीवरच्या बायका, अण्णू, दामूतात्या, कोणाच्याच गळ्यातनं आवाज येईना. असं म्हणतात, लिंबानं नदीत ज्यांचे ज्यांचे आवाज काढले, ते तिथंच वाळूत सांडले.

गाव मुकं झालं. देवळात आरतीला नुसती घंटा. जावाजावांची भांडणं लाटण्यानं खुणा करून. दुकानात मिठाची खूण केली की शेटजी चुना द्यायचे. तुम्हाला हसू येतंय, पण त्यांना येत नव्हतं. कारण खरी अडचण वेगळीच होती. लिंबाची माफी मागायची, तर मागायची कशानं? सगळे छपरासमोर येऊन उभे राहायचे. ओठ हलवायचे. लिंबा बघायचा, आत जायचा, पाण्याचा तांब्या आणून पुढं ठेवायचा. ते पाणी कोणाच्या घशाखाली उतरायचं नाही.

सारजेच्या दहाव्याला सगळं गाव नदीवर गेलं. पिंड मांडला. झाडावर कावळे होते, पण एकही खाली येईना. अशा वेळी घरचं माणूस बोलून दाखवतं, मेलेल्याची इच्छा पुरी करीन म्हणून. इथं बोलणार कोण? गाव मुकं, आणि लिंबा त्या दिवसापासून गप्प. ऊन चढलं. वाळू तापली. कोणी सावलीला गेलं नाही. कावळा का शिवत नाही ते तिथल्या लहान पोरालासुद्धा ठाऊक होतं, आणि जो तो आपल्या पायांकडं बघत होता.

शेवटी लिंबा पिंडाजवळ बसला. बराच वेळ त्याचा गळा नुसता हलत होता. मग तो आवाज आला, पारापुढं आला होता तोच. "सारजे," तो म्हणाला, "जेव गं आता. लई उशीर झाला."

कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

या खेपेला कोणी नाव घेतलं नाही. आवाज कोणाचा ते सगळ्यांना कळलं होतं. आणि त्याच क्षणी सगळ्यांचे गळे सुटले. असं म्हणतात, गळे सुटल्यावर त्या नदीत पहिल्यांदा जो आवाज उठला तो रडण्याचा होता, आणि सगळ्यात मोठ्यानं अण्णू गुरव रडला. पाटलानं मुंडासं काढून वाळूत ठेवलं. सगळ्यांनी वर बघितलं तेव्हा लिंबा पलीकडच्या काठावर चढत होता. त्याला हाका मारल्या. तो वळला नाही. पुढं कोणी म्हणे तो कोकणात उतरला, कोणी म्हणे घाटात हाक मारली की जे परत येतं, तेच त्याचं आता काम. मला खरं विचाराल तर, आमच्यापासून लांब गेला एवढं बरं केलं.

तेव्हापासून कुसरोंडीच्या जत्रेत एक रीत आहे. तमाशा येवो, ऑर्केस्ट्रा येवो, टीव्हीत दिसलेला कोणी मोठा विनोदी नट येवो, रंग लावायच्या आधी त्या प्रत्येकानं साध्या कपड्यांत पारापुढं यायचं आणि आपल्या आवाजात काय वाटेल ते बोलायचं. तोवर गाव टोप्या काढून बसतं. कोणी हसायचं नाही, कोणी काही ओळखायचं नाही. आणि खेळ संपेपर्यंत पाराच्या बाजूला गाडी जुंपून ठेवायची. हल्ली जीप असते. तिला लिंबाची गाडी म्हणतात. तिच्यावर बसण्याचा मान गुरवांच्या घराकडं आहे, आणि त्या माणसानं खेळ बघायचा नाही, वाटेकडं तोंड करून बसायचं.

गेल्या वर्षी असाच एक म्हातारा सोंगाड्या आला होता. नुसता उभा राहिला तरी माणसं हसतात, असा. संध्याकाळी पारापुढं आला, हात पसरले आणि आपल्या खेळातल्या चिरक्या आवाजात सुरुवात केली. समोर सगळं गाव गप्प. तो थांबला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबला. इकडंतिकडं बघितलं. गाव वाट बघत बसलं. मग त्यानं हात खाली घेतले आणि बारीक आवाजात म्हणाला, "माझ्या छातीत सकाळपासनं दुखतंय हो. मालकाला सांगितलं न्हाई."

कोणी हसलं नाही. वाटेकडं तोंड करून बसलेल्या गुरवाच्या पोरानं जीप सुरू केली.