उरलेली पंचेचाळीस सेकंदं

"माई, आता तुम्हीच सांगा हिला! हिच्या हृदयाला काही झालंय का?"

हेरंब बोलला आणि उत्तराची वाट पाहत उभा राहिला. तापीमाई तळ्याकडे बघत होत्या.

सकाळ बरीच वर आली होती, पण धुकं उठलं नव्हतं. मठाच्या चार-पाच पायऱ्या तेवढ्या दिसत होत्या, पुढं नुसतं पांढरं. त्यात कुठंतरी एक पाणकोंबडी बोलायची आणि गप्प व्हायची. आपण अजून झोपेतच आहोत, असं हेरंबला उगाच वाटून गेलं.

माईंनी तीस वर्षं डॉक्टर घडवले आणि मग या मठात येऊन राहिल्या. हेरंब त्यांचा लाडका विद्यार्थी. ते लाड त्याच्या चांगलेच डोक्यात गेले होते. एका सकाळी आपण साठ रोगी तपासतो, हे तो कुणी न विचारताही सांगायचा.

खालच्या पायरीवर सगुणा बसली होती. टोपल्या विणणारी बाई. नऊ वर्षांपासून संधिवात, सकाळी बोटं मिटता मिटत नसत. पण आज तिचं गाऱ्हाणं बोटांचं नव्हतं.

"छातीत फडफडतं, माई. मग एकदम गप होतं. परवा चुलीपुढं अंधारी आली. नातवाला कडेवर घ्यायचं भ्या वाटतं... पडले तर?"

"सांधे दुखतात म्हणून झोप नाही, झोप नाही म्हणून धडधड," हेरंब म्हणाला. "हृदयाचा आलेख काढला. अगदी नीट आहे."

"केवढा होता आलेख?"

"नेहमीएवढा. दहा सेकंदांचा."

माईंनी सगुणाला विचारलं, "गप होतं, म्हणजे किती वेळ गं?"

सगुणानं डोळे मिटले. हेरंबनं घड्याळ पाहिलं, मग पुन्हा पाहिलं.

"हाक मारावी आन् घरातनं कुणी ओ देऊ नये... तेवढा वेळ," ती म्हणाली.

माईंनी मान डोलावली. मग हेरंबला म्हणाल्या, "रोगाशी लढणारे अंगाचे राखणदारच हिच्या सांध्यांवर उठलेत. त्यांना छातीची वाट माहीत नाही, असं कुणी सांगितलं तुला?"

हेरंब हसला. "माहीत असेलही. पण नाडी ठीक आहे ना! तुम्हीच बघा."

माईंनी आपले हात पुढं केले. बोटं वाकडी झालेली, सांधे गाठाळलेले. तेच दुखणं. हेरंबला हे ठाऊक नव्हतं. त्याचं हसू मावळलं.

"या बोटांना आता नाडी लागत नाही. तू मोज."

त्यानं सगुणाचं मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं आणि थोड्याच वेळात सोडलं.

"बहात्तर."

"झालं?"

"पंधरा सेकंदांत अठरा. चारनं गुणलं." आणि मग जरा ठसक्यात, "तुम्हीच शिकवलंत, माई."

पाणकोंबडी बोलली... गप्प झाली.

"हो," माई म्हणाल्या. "मीच शिकवलं."

त्यांचा आवाज इतका खाली आला की हेरंबला वाकावं लागलं.

"उरलेली पंचेचाळीस सेकंदं कुणाची होती रे?"

त्यानं पुन्हा मनगट धरलं. या वेळी खाली बसून.

पंधरा सेकंदं गेली. नाडी शहाण्या मुलीसारखी चालली होती. वीस. तीस. धुकं पायरीवर आलं. त्याला स्वतःचा हात दिसेना, फक्त बोटांखालचा तो ठोका तेवढा उरला. एक... आणखी एक...

आणि पुढचा आलाच नाही.

तो थांबला. त्याच्या पुढचाही नाही.

सगळं तळं गप्प. ये, ये, तो मनात म्हणत होता, आणि बोटांखाली काही नव्हतं...

मग एक मोठा ठोका आला. त्यामागून चार-पाच घाईघाईनं.

"हेच," सगुणा हळूच म्हणाली. "आत्ता झालं ना, तेच. महिना झाला, हेच सांगतीया तुमाला."

हेरंबचे डोळे भरून आले. त्याला लाज वाटली, आणि ती त्यानं लपवली नाही.

"चुकलो, सगुणाबाई. चला, आत्ताच मोठ्या दवाखान्यात जाऊ. दिवसभर, रात्रभर मोजणारं यंत्र लावू. मी सोबत थांबतो."

त्यानं तिला हात धरून उठवलं. चार पायऱ्या चढून तो वळला. धुक्यात माई अर्ध्याच दिसत होत्या.

"माई... तुम्ही तर तिच्या हाताला हातही लावला नाहीत. मग तुम्हाला कळलं कसं?"

माईंनी आपली वाकडी बोटं पदरात घेतली.

"मी गुणाकार विसरले रे."