इंजिनाच्या गळ्यातला हार

घाटातून लांब नाकाचे ट्रक धावायचे, त्या काळातली गोष्ट. अशाच एका ट्रकात सहा सिलिंडरचं म्हातारं इंजिन होतं. गेल्या खंडेनवमीच्या पूजेनंतर त्याला चढावर धाप लागू लागली.

"वय झालं माझं," ते मालकाला ऐटीत म्हणालं. "टर्बो बसवा, नाहीतर भंगारात घाला."

टर्बोचा खर्च काही मालक सोपानरावांना झेपणारा नव्हता. ते भंगारवाल्याला विचारून आले, तसं भीतीने इंजिनाचं तेल पातळ झालं.

भंगाराकडे जाता जाता त्यांनी ट्रक यासीन मिस्त्रीकडे नेला. मिस्त्रीचा पाना म्हणाला, "आधी श्वास कुठे अडतोय ते बघू."

"सहा सिलिंडरवाल्याला पान्याने शिकवू नये," इंजिन गुरगुरलं.

मिस्त्रीने हवेची नळी उघडली. आत झेंडूचा वाळलेला हार अडकला होता. पूजेच्या दिवशी इंजिनानेच हट्ट करून सगळ्यांत मोठा हार गळ्यात घालून घेतला होता.

हार निघाला आणि ट्रक जुन्याच दमाने घाट चढला. इंजिन मात्र वरपर्यंत स्वतःलाच हसत होतं.

पुढच्या खंडेनवमीला सोपानराव हार घेऊन आले.

"मालक, मला नुसतं कुंकू लावा," इंजिन म्हणालं. "हार दिसला की मी तो आत ओढून घेतो."