टेम्पोवर पडलेली तार

"...मग संकटात धावून जाणाऱ्यालाच खरा साधक म्हणायचं ना, अप्पाजी?"

विचारताना विरूपाक्षची मान जरा ताठच होती. गेल्या पुरात त्यानं उडी टाकून बुडणाऱ्या माणसाला काठावर आणलं होतं. मठात येणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. त्यानंच सांगितलेलं.

त्याचे गुरू रेवणसिद्ध अप्पाजी उत्तर देणार, एवढ्यात टेकडीवर वावटळ उठली. मठाचे पत्रे थडाथडा वाजले. खाली वळणावर विजेचा खांब कलला... आणि कडाड!

तार तुटून एका टेम्पोवर पडली. तिचं टोक रस्त्यावर तडतडू लागलं.

दोघंही धावत उतरले. टेम्पोत शेवंता होती, गावोगाव भाजी विकणारी. घाबरून तिनं दार उघडलं, एक पाय बाहेर काढला...

"पाय आत घे!"

अप्पाजींचा आवाज असा चढलेला मठात कुणी कधी ऐकला नव्हता.

"आतच बस, माय! बाहेर उतरू नको!"

शेवंतानं पाय ओढून घेतला.

विरूपाक्ष पुढं झेपावला. अप्पाजींनी लांबच त्याचं उपरणं मागून धरलं.

"सोडा! मी तारेला हात लावत नाही. काठीनं बाजूला करतो."

अप्पाजींनी त्याच्या हातातली काठी हिसकली आणि दरीत भिरकावली.

"आपली कपिला गाय आठवते? तिनं तरी तारेला कुठं तोंड लावलं होतं? नुसती जवळून चालली होती, जमिनीतूनच वीज लागून गेली."

विरूपाक्ष जागीच थांबला.

"मागं हो. अजून मागं. वीजवाल्यांना फोन लाव. लाईन बंद करा म्हणावं."

फोन लागला. शेतातून माणसं पळत आली, ती विरूपाक्षनं हात पसरून लांबच अडवली.

आणि तडतड थांबली. तार निपचित पडली.

"मेली!" विरूपाक्ष ओरडला. "मेली तार! आता आणतो शेवंताला!"

"मेली, असं कोण म्हणतं?"

"दिसतंय की!"

"थांब."

...

फट्ट! निळा जाळ उडाला. तार रस्त्यावर उसळली, कडेचं गवत भर्रकन पेटलं. माणसं किंचाळली. विरूपाक्षचा हात आपल्याच छातीवर गेला.

टेम्पोत शेवंता रडत होती. तिचा हात पुन्हा दाराकडं जाताना अप्पाजींनी पाहिला.

"माय, आज भाजी काय काय आणलीस गं?"

"...शेपू."

"आणि?"

"चुका... पोकळा..."

"पोकळा कसा दिला?"

ती सांगत राहिली. अप्पाजी विचारत राहिले. घासाघीससुद्धा केली त्यांनी!

अखेर वीजवाल्यांची गाडी आली. लाइनमननी पुरवठा तोडला, खात्री केली, तार दूर केली. मगच म्हणाले, "उतरा आता, ताई."

शेवंता उतरली आणि हसत, रडत रस्त्यातच बसली. माणसांनी एकच गिल्ला केला. कुणी तरी शेपूची जुडी हवेत उडवली.

"वाचली, अप्पाजी! वाचली की हो!" विरूपाक्ष नाचायचाच बाकी होता. "माझा तर तोल सुटला होता. तुम्ही मात्र खडकासारखे उभे राहिलात!"

अप्पाजी कडेच्या दगडावर टेकले होते. उठता उठेनात. त्यांनी हात पुढं केला.

"धर. गुडघे अजून लटपटताहेत."