पहिली कुदळ

नगराध्यक्षपद जाऊन बरीच वर्षं झाली, तरी अप्पासाहेब निगुडकरांच्या हाताची कुदळीची सवय सुटली नव्हती. गावात मुतारीचं भूमिपूजन असलं तरी पहिली कुदळ त्यांचीच.

त्यांचं जुनं घर शिवणवर्ग चालवणाऱ्या वर्देबाई विकत घेत होत्या. परसात वर्गासाठी खोली बांधायची, एवढ्यासाठीच त्यांनी आयुष्यभराची पुंजी मोडली होती. व्यवहार ठरला आणि वकिलांनी कागदपत्रं तपासली तेव्हा निघालं, की परसाखालून नगरपालिकेची जुनी पाण्याची लाइन गेली आहे आणि तिच्यावर बांधकामाला मनाई आहे.

"अहो बाई, ती लाइन कधीच मेली!" अप्पासाहेब हसले. "खुशाल बांधा."

"तुम्ही म्हणता म्हणजे झालंच," बाई म्हणाल्या. "मग खरेदीआधी भूमिपूजन उरकू. पहिली कुदळ तुमचीच हवी."

अप्पासाहेब फेटा बांधून आले. हार झाला, नारळ फुटला. बाईंनी नेमकं लाइनवर हळदकुंकू वाहिलं.

"इथं घाला. जरा खोल."

कुदळ वर गेली आणि वरच राहिली. कुंपणापलीकडे अप्पासाहेबांचा नवा बंगला होता. तिथून त्यांच्या पत्नी ओरडल्या, "अहो, थांबा! आपली टाकी भरायचीय अजून!"

"भरून घ्या, वहिनी," बाई म्हणाल्या. "मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालतात, हे ठाऊक होतं. मेलेला दुसऱ्याच्या तोंडात घालतो, हे आज पाहिलं."

खरेदीआधी लाइन कुंपणाच्या कडेनं वळली, अप्पासाहेबांच्या खर्चानं. त्याही कामाची पहिली कुदळ त्यांचीच होती. फक्त फोटोग्राफर बोलावला नव्हता.