एक फुंकर

टीव्हीला अजून पोट होतं, त्या काळातला एक व्हिडिओ गेम इस्माईलचाचांच्या दुरुस्तीच्या दुकानात फळीवर बसून असे. एकदा त्याच्या शेजारी दोनच वर्षांचा, काळा चकचकीत गेम येऊन बसला.

"आजोबा, फुंकर मारल्याशिवाय तुमची कॅसेट चालत नाही म्हणे!" तो हसला.

"नाहीच चालत," जुना म्हणाला. "तुझं काय बिघडलंय?"

"काहीच नाही. चालू होण्याआधी मला कंपनीला विचारावं लागतं. तिकडून होकार आला की झालं."

तेवढ्यात फोन ठेवून चाचा समोर उभ्या असलेल्या नव्या गेमच्या मालकिणीला म्हणाले, "ताई, ती कंपनीच बंद पडली. आता होकार देणार कोण?"

नवा पुटपुटला, "आजोबा, चाचांना सांगा ना, मलाही एक फुंकर मारून बघा."

जुन्याने त्याला चहूबाजूंनी निरखलं. फुंकर मारायला त्याच्या अंगावर कुठे फटच नव्हती.