चंपाकळीचा उतार

फार पूर्वी एका जंगलात हत्ती लाकडं वाहत. नदी पायी ओलांडायचा पक्का उतार एकट्या म्हाताऱ्या चंपाकळीलाच ठाऊक होता. ‘सांगून टाकला, तर मला कोण विचारेल?’ या भीतीने ती गप्प राही.

एकदा तिचा पाय मुरगळला. काम थांबेना, म्हणून रेवती हत्तीण पुढे झाली आणि गाळात रुतली. सगळ्यांनी तिला कसंबसं ओढून काढलं.

चंपाकळी रडत म्हणाली, "चूक माझी, पोरी. पायाखाली खडी करकरली, तरच पुढचं पाऊल टाक."

दुसऱ्या दिवशी सगळे सुखरूप पार झाले. चंपाकळी एकटीच अलीकडे उरली. तेवढ्यात रेवती परत आली.

"आजी, माझ्या अंगाला टेकून चला. तुमच्याशिवाय तिकडे कुणी चाऱ्याला तोंड लावत नाही."